कालचं एक

काकाजी,

दुपारपासून लाइट नाही. लेथ थंड पडली आहे, कारागीर जेवायला गेले आहेत आणि सौंसरच्या माझ्या वर्कशॉपात मी एकटाच बसलो आहे. समोर टेबलावर तुमची काठी आहे. तीच, सागाची, हातभर लांब. एक टोक तेलानं काळं झालेलं आणि दुसऱ्या टोकाला दातांच्या खुणा. नवीन गिऱ्हाईक आलं की ती उचलून पाहतं आणि विचारतं, "कुत्र्यानं चावली काय हो?" मी हो म्हणून देतो. सगळी गोष्ट सांगत बसलो तर त्याचा पंप कोण खोलणार! तुम्हाला मात्र सांगायची आहे, कारण तिच्यातलं अर्धंच तुम्हाला ठाऊक होतं. आज सकाळी इथं एक प्रकार झाला, त्यावरून लिहायला बसलो. तो शेवटी सांगतो. तुम्हीच म्हणायचे ना, आधी मशीन चालू होऊ दे, मंग बिघाड सांगजो.

पांढुर्ण्याला तुम्ही हेडमिस्त्री असलेल्या जिनिंगमध्ये मी आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलेलं. चौथी पास, बोरगावात आधी सायकली, मग विहिरींवरची इंजिनं, असं करत करत हातात पाना बसला होता. लग्न झालं होतं, आणि आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. कानांची तर गावात ख्याती. रस्त्यानं मोटरसायकल गेली की मी घरात जेवता जेवता सांगायचो, याचा प्लग गेला. तुमच्याकडं आलो तो हाच तोरा घेऊन. पहिल्या सकाळी तुम्ही मला कामाचं काहीच विचारलं नाही. इंजिन सुरू व्हायच्या आधी सगळे फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली गोळा झाले: आम्ही फिटर लोक, इंजिनवाला, आणि रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया. कापसातून सरकी वेगळी करणारी ती चोवीस मशिनं, आपण त्यांना रेचे म्हणायचो. मला वाटलं, काही प्रार्थना-बिर्थना असेल. तर तुम्ही एकेकाकडं बोट करायला लागले. "कालचं एक." म्हणजे परवा जे माहीत नव्हतं आणि काल समजलं, असं काही एक सांगायचं. लहान असो की मोठं.

इंजिनवाला म्हणाला, घाटात मालगाडीला मागूनही एक इंजिन लावतात, हे त्याला स्टेशनावरच्या हमालानं सांगितलं. एक जण म्हणाला, संत्र्याच्या पेटीत गवत टाकतात ते नुसतं मार लागू नये म्हणून नाही, तर हवा खेळती राहावी म्हणून. मग नऊ नंबरच्या रेच्यावरची मावशी उभी राहिली. बौद्ध टोलीत राहणारी, पन्नाशीला टेकलेली, प्रौढ वर्गात जाणारी. म्हणाली, "काल म्या बसची पाटी वाचली. नागपूर लिहलं होतं. इतके वर्ष मी कंडक्टरले विचारत होती, तो माह्यावर खेकसत होता." तुम्ही डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. तुमची ती सलामी होती, हे मला नंतर समजलं. मग बोट माझ्याकडं आलं. मी छाती काढून म्हणालो, "मले इंजिनाचं सगळंच येते." तुम्ही म्हणाले, "वा! मंग माठ भर." ज्याच्यापाशी कालचं एक नाही, त्यानं बायांसाठी पाण्याचे माठ भरायचे, हा तुमचा नियम. माठ नऊ आणि विहीर खोल. पहिल्या आठवड्यात सहाच्या सहा दिवस मी माठ भरले. मावशी जाता-येता म्हणायची, "असू द्या मिस्त्री, याले सगळं येते म्हणून तं आमाले पानी भेटून राहिलं."

सातव्या दिवशी चिडून मी तुम्हाला विचारलं होतं, हा रोजचा तमाशा कशासाठी? तुम्ही हातातल्या चिंधीनं बोटं पुसत म्हणाले, "मशीन रोज थोडी झिजते. माणूसबी रोज झिजते. मशीनले आपण ग्रीस देतो. माणसाले काय देशीन?" मी काही बोलायच्या आत मावशी मागून म्हणाली, "चहा देजा." तुम्ही इतके हसले की इंजिन सुरू करायला उशीर झाला.

तुम्ही नुसतं बोलत नव्हते, करत होते. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या रविवारी मी तुमच्याकडं पाना परत द्यायला आलो. अजून डोळ्यांसमोर आहे ते स्वयंपाकघर. काकू डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसल्या आहेत, चुलीजवळ जायची त्यांना मनाई, आणि साठीला आलेले तुम्ही परातीसमोर मांडी घालून ज्वारीचं पीठ मळताय. काकू ओरडतात, "अजून मळा. शाफ्ट नाई तो, पीठ हाय." तुम्ही म्हणता, "गप बस, शिकून राहिलो ना." तव्यावर पडलेली पहिली भाकर चारी बाजूंनी उलली. दुसरीही. तिसरी तुम्ही माझ्या ताटात वाढली, एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं कोळसा, सोबत मिरचीचा ठेचा, आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत बसले. सोमवारी कडुनिंबाखाली पन्नास बायांसमोर पांढऱ्या मिशीचा हेडमिस्त्री सांगतो, "कालचं एक. भाकर तव्यावर टाकली का वरून पान्याचा हात फिरवा लागते. नाई तं उलते." बाया पोट धरून हसल्या. तुम्ही बक्षीस मिळाल्यासारखे उभे.

म्हणून तर बदल माझ्या लक्षात आला, काकाजी. पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर, तुम्ही आपलं कालचं एक सगळ्यांच्या आधी सांगायला लागले आणि सांगून झालं की लगेच इंजिनघराकडं निघून जायला लागले. एरवी शेवटच्या बाईचं ऐकल्याशिवाय न हलणारे तुम्ही, वर उलटे दोन प्रश्न विचारणारे तुम्ही. मी मनाशी म्हटलं, यांना आता ऐकायचं नाही की ऐकू येत नाही? चोवीस रेचे चालले की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, त्या आवाजात तुमची पस्तीस वर्षं गेली होती. आणि मग एका सकाळी खात्री पटली. सगळ्या रेच्यांना फिरवणारा लांब शाफ्ट रोजच्यासारखा, कापूस टाकायच्या आधी, रिकामा फिरत होता. तुम्ही काठीचं एक टोक बेरिंगवर आणि दुसरं कानावर टेकवून एकेक बेरिंग ऐकत पुढं सरकत होते. बिघाड असला की खडूची खूण, नसला की "ठीक." नऊ नंबरचं बेरिंग रडत होतं. मी चार हात लांबून, उघड्या कानानं ऐकत होतो. तुम्ही काठी टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ठीक."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर गोष्ट मालकांपर्यंत, म्हणजे शेटजींपर्यंत, गेली असती, आणि बहिरा मिस्त्री कोण ठेवतो? जिनिंगमध्ये तापलेलं बेरिंग म्हणजे आग. दुपारच्या सुटीत मी गुपचूप नऊ नंबरला ग्रीस दिलं. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या अर्धा तास आधी यायला लागलो. इंजिनवाल्याला विश्वासात घेतलं. तो शाफ्ट पाच मिनिटं फिरवायचा, मी चोवीसही बेरिंगं ऐकायचो, हवं तिथं ग्रीस भरायचो. मग तुम्ही यायचे, काठी टेकवत जायचे, "ठीक, ठीक, ठीक." आणि ते खरंच ठीक असायचं. असे वीसेक दिवस गेले. मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळून राहिलो.

एकविसाव्या दिवशी मंगळवार होता. माझ्या मुलीचं जावळ काढायला आम्ही सगळे जामसांवलीला गेलो. नऊ नंबर रोज ग्रीस मागत होतं; त्या दिवशी द्यायला मी नव्हतो. दुपारी बेरिंग लाल झालं, कडेला साचलेल्या रुईनं, सरकी काढलेल्या कापसानं, पेट घेतला. रुईची आग लवकर दिसत नाही, वरून पांढरी आणि आतून लाल. मावशीला वास आला. तिनं जवळच्या बांबूनं रेच्याचा पट्टा पाडला, पदरानं रुई झोडपली आणि ओरडली. तुम्ही दहा पावलांवर पाठ करून उभे होते. ती ओरडत राहिली, सगळं जिनिंग धावलं, आणि तुम्ही तसेच उभे, हातातला पाना पुसत. कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा वळले. हे मला इंजिनवाल्यानं सांगितलं. मावशीचा पदर जळला, दोन बोटं भाजली. फार नुकसान नाही, असं तो म्हणाला. पण सांगताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

पुढच्या सकाळी कडुनिंबाखाली शेटजीही येऊन उभे होते. तुम्ही मध्ये आले, टोपी काढली, हातात धरली. "कालचं एक," तुम्ही म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्यानं, जसं बहिरी माणसं बोलतात तसं. "मले ऐकू येत नाई. काल समजलं." मग हाताला फडकं बांधलेली मावशी म्हणाली, "बाप्पा! आमाले तं दिवाळीपासून मालूम हाय." बाया फिसकन हसल्या. तुम्ही चेहऱ्यांवरून ओळखलं की काहीतरी झालं, आणि माझ्याकडं वळले, "काय म्हणून राहिली ते?" मी तुमच्या कानाशी जाऊन ओरडलो. तुम्ही आधी हसले. मग म्हणाले, "दिवाळीपासून? अन् मले कोनी सांगतलं नाई?"

शेटजी चांगले होते, म्हणाले, हंगाम संपेपर्यंत पाहू. मग तुम्ही मला नऊ नंबरपाशी नेलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही एकट्यानं चोवीसही बेरिंगं हातानं चाचपली होती. ताजं ग्रीस तुमच्या बोटांना लागलं होतं, तुम्ही न भरलेलं. "कान गेले माहे, बोटं नाई गेले," तुम्ही म्हणाले. "तू मले वाचवून राहिला होता, नाई का?" मी मान हलवली. वाटलं, पाठीवर हात ठेवाल. तुम्ही म्हणाले, "वीस दिवसांआधी मी चुकलो असतो, तं वीस दिवसांआधी शिकलो असतो. माह्या शिकण्याचे वीस दिवस तू खाल्ले. अन् हात त्या बाईचा जळला." मी रडायच्या बेताला आलो. तुम्ही विहिरीकडं बोट केलं आणि म्हणाले, "जा, माठ भर. अन् मंग ये. मले शिकव."

काय शिकवायचं, हे मलाही कुठं ठाऊक होतं? वाट मावशीनंच दाखवली. कापूस ओला की कोरडा ते बाया सरकी दाताखाली फोडून पाहायच्या. कोरडी सरकी टचकन फुटते, ओली चेपते. ती तुमच्या कानाशी ओरडली, "दातानं पाहा ना, मिस्त्री. आमी सरकी का कानानं पाहतो?" तुम्ही तिच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी हरवलेली किल्ली आणून दिली. लगेच काठीचं टोक दातात धरलं, दुसरं बेरिंगवर टेकवलं आणि डोळे मोठे केले. त्या दिवसापासून रोज सकाळी अर्धा तास आपली शाळा. मी कानानं ऐकायचो आणि बोटांनी खूण करायचो, हे चांगलं, हे कोरडं, हे ढिलं. तुम्ही दातांनी, मग तळहातानं, मग कोपरानंसुद्धा तेच बेरिंग पुन्हा पुन्हा चाखायचे. पहिले पंधरा दिवस दहातली सात चुकायची. तुम्ही चिडत नव्हते. पस्तीस वर्षांचा मिस्त्री, आणि चूक झाली की शाळेतल्यासारखे मान खाली घालून म्हणायचे, "अजून एकवार." एकदा चौदा नंबरवर मी "ठीक"ची खूण केली आणि तुम्ही काठी दातातून काढून नाही म्हणाले. खोललं तर आत एक गोळी तडकलेली. त्या दिवशी माठ मी आपण होऊन भरले.

आणि कडुनिंबाखाली? तिथून तुम्ही आता पळत नव्हते. मावशी खडू घेऊन तुमच्या शेजारी बसायची. लोक आपापलं कालचं एक सांगायचे आणि ती फरशीवर मोठ्या अक्षरांत तुमच्यासाठी लिहायची, काने-मात्रे विसरत, पुसत, पुन्हा लिहीत. तुम्ही वाकून वाचायचे, ओठ हलवत. फार वेळ लागायचा. शेटजी एकदा घड्याळाकडं बघून म्हणाले, एवढ्यात दोन बोजे रुई निघाली असती. पण थांबवलं नाही त्यांनी. हंगाम संपला तेव्हा तुम्हाला जा म्हणून कुणी म्हटलं नाही.

अजून दोन हंगाम तुम्ही होते. मग उन्हाळ्यात, जिनिंग बंद असताना, गेले. तेराव्यानंतर काकूंनी ही काठी मला दिली. म्हणाल्या, "गेले त्या सकाळीबी मले विचारलं, तुह्यं कालचं एक काय? म्या म्हटलं, रोज रोज का राहते? तं रुसले. चहा नाई घेतला." काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी तिथंच ठरवलं की आपलं काही झालं, कुठंही दुकान टाकलं, तरी सकाळ अशीच सुरू होईल. ती आजवर होते. कडुनिंब नाही, पत्र्याचं शेड आहे. माठ नाहीत, तर ज्याच्यापाशी काही नाही तो सगळ्यांचा चहा आणतो. लोक म्हणतात, चौथी शिकलेला माणूस एवढं कसं उभं करतो? मी म्हणतो, चौथीनंतर शाळा सुटलीच नाही. यात माझी हुशारी थोडी. रोज एक म्हटलं की वर्षं कशी जातात ते कळत नाही.

आता आज सकाळचं. ज्या मुलीचं जावळ त्या मंगळवारी काढलं, तीच हे वर्कशॉप माझ्या बरोबरीनं चालवते. एका पंपाच्या मोटरवर मी तुमची काठी टेकवली, कानाला लावली आणि म्हणालो, ठीक. बाहेर चहाला गेलो, चष्मा विसरला म्हणून परत आलो. ती तीच मोटर खोलून बसली होती. मला पाहून तिनं ग्रीसचा डबा पायानं मागं सारला. मी चष्मा उचलला आणि निघून गेलो. तिच्या बोटांवरचं ते पिवळं ग्रीस मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? आणि चहा पिता पिता आठवलं, गेल्या कित्येक महिन्यांपासून शेडखाली मी माझं कालचं एक सगळ्यांच्या आधी सांगतो आणि आत निघून येतो. नागपूरच्या डॉक्टरनं दिलेलं कानाचं यंत्र खणात पडून आहे. त्याचं पुस्तक मी उघडलेलंसुद्धा नाही. सगळ्यांना रोज एक शिकायला लावणारा मी, आणि कान या एका विषयात मला सगळं येतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती आज सांगतो. तुम्ही म्हणाले, तू मले वाचवून राहिला होता, आणि मी मान हलवली. ते पूर्ण खरं नव्हतं. नऊ नंबरवर तुम्ही पहिल्यांदा "ठीक" म्हणाले तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या एक क्षण आधी आनंद झाला होता. जे तुम्हाला ऐकू आलं नाही ते मला आलं. त्या वीस दिवसांत रोज सकाळी अर्धा तास त्या जिनिंगचा उस्ताद मी होतो, आणि ते मला आवडलं होतं. मावशीच्या भाजलेल्या बोटांत ते आवडणंही होतं. माझ्या मुलीला असं काही वाटत असेल असं मला वाटत नाही. ती माझ्यापेक्षा बरी आहे. पण तिच्याही शिरावर मी हे ओझं का ठेवू? उद्या शेडखाली टोपी हातात घेऊन सांगायचं आहे. वाक्य तुमचंच आहे, पाठ आहे, तरी जिभेवर येत नाही.

लाइट आली वाटतं. लेथवरचा दिवा लागला आहे. लेथही फिरताना दिसते; तिचा आवाज मला इथवर यायला हवा होता. हा कागद मी कुठं पाठवणार, काठीला गुंडाळून ठेवीन. मुलीला अजून सांगितलेलं नाही, काकाजी. आधी तुम्हाला सांगितलं. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, कारण तुम्हाला ऐकू येत नाही.